कासारीणबाईंची गस्त

तेलंगणातल्या इंद्रवेल्लीच्या सोमवारच्या बाजारात मालनबाईंची जागा चौतीस वर्षांत बदललेली नाही. पाठीमागे पाण्याच्या टाकीची भिंत, डाव्या हाताला राजकुमारची लाल मिरच्यांची पोती, उजव्या हाताला नागसेनचं चपलांचं दुकान. मिरच्यांमुळे गिऱ्हाईक शिंकतं, शिंकताना हात सैल पडतो आणि तेवढ्यात बांगडी चढवून घ्यायची, असं मालनबाई थट्टेनं सांगत. बांगड्या भरायच्या तर हात सैल हवा. तो सैल करायच्या त्यांच्याकडे पुष्कळ युक्त्या होत्या. कुणाला सासूबद्दल विचारायचं, कुणाला माहेरच्या म्हशीबद्दल.

मालनबाई गुडीहत्नूरच्या. वय एकोणसाठ. आठवड्याचे चार बाजार करायचे आणि तीन दिवस घरी राहायचं, असा त्यांचा क्रम. हे बाजार आधी त्यांचे यजमान दादाजी सायकलला पेट्या बांधून करत. पुढं त्यांची कंबर धरली. ते घरच्या छोट्या दुकानात बसले आणि बाजार मालनबाईंकडे आले. दुसऱ्या कासारिणी आता गिऱ्हाइकाच्या हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवतात आणि तिच्यावरून बांगडी सरकवतात. मालनबाईंना ते कधी पटलं नाही. "पिशवीत भाजी आणतात व माय, बांगडी नाई भरत," त्या म्हणत. त्या मापही विचारत नसत. अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं की दोन-चार लागेल की दोन-सहा, हे त्यांना कळायचं. हाडापाशी काच किती टेकली, अजून दाबायची की मागं घ्यायची, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांनाच कळावं लागतं.

गेल्या वर्षी जूनच्या नऊ तारखेला ते बोटांना कळलं नाही.

जवळच्या खेड्यातल्या विठाबाई आपल्या मुलीला, सुनयनाला, घेऊन आल्या होत्या. कापूस-ज्वारीचं घर, पंचवीस वर्षांची ओळख. विठाबाईंच्या लग्नाचा चुडा मालनबाईंनीच भरला होता. आता सुनयनाचा साखरपुडा चार दिवसांवर होता. उजवा हात झाला. डाव्या हातातली तिसरी बांगडी अंगठ्यापाशी आली, मालनबाईंनी नेहमीसारखी दाबली, आणि काच मनगटातच गेली.

"अय्यो माय!" सुनयनानं हात ओढला. रक्ताचे दोन थेंब हिरव्या काचेवर पडले.

बांगडी फुटली असं आपल्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. पण मालनबाईंच्या तोंडून तेही निघेना. विठाबाईंच्या सासूबाई शेजारीच उकिडव्या बसल्या होत्या. त्यांच्या तोंडून मात्र निघालं.

"साखरपुड्याची बांगडी अशी वाढते का कुठं? लगनाच्या चुड्याले दुसरी कासारीण पाहा व विठा."

विठाबाईंनी पदराच्या टोकानं मुलीचं मनगट दाबून धरलं. "मालनबाई, माया चुड्यातली एक बी नव्हती वाढली. आज काय झालं?"

काच कच्ची निघाली, असं सांगता आलं असतं. ते वाक्य मालनबाईंच्या जिभेवर आलंही होतं. पण त्यांनी मुलीच्या मनगटाकडे पाहिलं.

"काचंचा दोष नाई, विठाबाई. माया बोटाले समजून नाई राह्यलं. चार महिने झाले. आधी मुंग्या येत होत्या, आता त्या बी नाई येत."

हे त्यांनी दादाजींनासुद्धा सांगितलं नव्हतं. शेजारी नागसेनच्या हातातला बूट हातातच राहिला.

विठाबाईंनी पदर उचलून मनगट पाहिलं. मग म्हणाल्या, "लगन कापूस घरात आल्यावर हाये, फेब्रुवारीत. तवरोक हात बरा करून या. नाई झाला तर मले येऊन सांगा, मी दुसरी पाहीन. पन सांगायचं तुमीच. दुसऱ्या कोनाच्या तोंडून मले आयकायचं नाई."

सासूबाईंनी तोंड फिरवलं. विठाबाई रागावल्या असत्या तर मालनबाईंना ते सोपं गेलं असतं. त्यांना मिळाली ती आठ महिन्यांची मुदत. ती त्यांना जड वाटली, आणि तिच्याइतकं मोठं देणं आपल्याला आजवर कुणी दिलं नाही असंही वाटलं.

दोनच दिवसांनी नागसेन त्यांना आपल्या छोट्या टेम्पोतून आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. डॉक्टरीणबाई वयानं लहान, बोलायच्या हिंदी आणि तेलुगू मिसळून. त्यांनी मालनबाईंना खिडकीबाहेर बघायला सांगितलं. मालनबाईंनी बघितलं. बराच वेळ गेला.

"टोचणार कवा?" त्यांनी विचारलं.

"टोचून झालं, अम्मा."

तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, जी सातच्या आसपास हवी, ती दहा पूर्णांक चार आली. डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. साखरेनं नसा झोपल्या आहेत. गेलं ते सगळं परत येईल असं वचन देता येत नाही. उरलं आहे ते सांभाळा, साखर खाली आली तर थोडं परत येईलही. गोळ्या, वेळेवर जेवण, रोज पाऊण तास चालणं, गोड बंद, पायात कायम पादत्राण. मग त्यांनी विचारलं, "घरी किती दिवस असता?"

"तीन."

"तीन दिवस सगळं जमेल. मला बाकीच्या चार दिवसांचं सांगा."

पहाटे घर सोडायचं, बस पकडायची, दिवसभर मांडी घालून एका जागी बसायचं आणि जे समोर येईल ते खायचं, अशी चौतीस वर्षं गेली होती. त्यात कासारणीचा एक जुना रिवाज. बांगड्या भरून घेतल्या की तिचं तोंड गोड केल्याशिवाय बाई उठत नाही. घरी बोलावलं असेल तर शिरा किंवा लाडू, बाजारात असेल तर चहा, तोही इकडचा, निम्मा ग्लास साखरेचा. निदान गुळाचा खडा तरी. तिचं तोंड गोड तर आपला संसार गोड. एका बाजारात नऊ-नऊ चहा व्हायचे, आणि प्रत्येक चहामागे कुणाचा तरी आशीर्वाद मागणारा हात असायचा. नाही म्हणायचं कसं?

घरी सगळं ऐकल्यावर दादाजी नुसते "हं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजता चुलीपुढं बसले. मालनबाई उठून पाहतात तर परातीत ज्वारीचं पीठ आणि दादाजींच्या कोपरापर्यंत पीठच पीठ.

"हे काय करून राह्यले तुमी?"

"भाकर. बाजारात तू जे मिळंल ते खातं. आता घरूनच घेऊन जायचं."

पहिली भाकर जुन्या आदिलाबाद जिल्ह्याएवढी थोरली झाली, आणि उलटताना त्या जिल्ह्यासारखेच तिचेही चार तुकडे झाले. मालनबाईंनी तेच फडक्यात बांधून नेले. बरोबर तुरीचं घट्ट वरण, अंबाडीची भाजी, दोन काकड्या. महिनाभरात दादाजींची भाकर गोल यायला लागली. बाजाराच्या दिवसाची भाकर पुढंही त्यांनी कुणाला करू दिली नाही.

चालण्याची सोय नागसेननं केली. तोही तेच बाजार करायचा, तेव्हा बांगड्यांच्या पेट्या तो आपल्या गाडीतून न्यायला लागला, म्हणजे मालनबाई मोकळ्या हातानं बसमध्ये बसू शकल्या. शिवाय त्यानं दुकानातून चिकटपट्टीचे पांढरे बूट काढून त्यांच्यापुढं ठेवले.

"मावशी, लेस नाई, वाकायचं काम नाई. घाला."

"लुगड्यावर बूट? लोक हासतील रे."

"हासू द्या. पायाले लागलं अन् तुमाले समजलंच नाई, मग कोन हासंल?"

मालनबाईंनी बूट घातले. बायकांना आता बसचं तिकीट लागत नाही, आधार कार्ड दाखवलं की झालं. त्यामुळे इंद्रवेल्लीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलं तरी काही वाया जात नव्हतं. पहिल्या दिवशी कंडक्टर मुलगी दारातून ओरडली, "अम्मा, इंद्रवेल्ली इंका रालेदु!" इंद्रवेल्ली अजून आली नाही म्हणून तिला काळजी. "तेलुसु, तेलुसु," माहीत आहे, माहीत आहे म्हणत मालनबाई खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या. दोन्ही बाजूंना कपाशीची रोपं वीतभर झाली होती. बाजारात पोचायला पस्तीस मिनिटं लागली. राहिलेली दहा मिनिटं त्यांनी बाजारातच फिरून भरून काढली, आणि तिथून पुढं दर दीड-दोन तासांनी उठून बाजाराला एक फेरी घालायची असं ठरवून टाकलं. समोरच्या बायकांना त्या सांगत, "तवर रंग निवडा, मी आलीच."

राजकुमारला आयतंच सापडलं. "मालनबाई, पोलीस भरतीत नाव दिलं का? निघाली पाहा गस्त!"

"हो बाप्पा. अन् पहिले तुलेच आत टाकतो. मिरचीत रंग कोन घालते ते साऱ्या बाजाराले माहीत हाये."

मिरच्यांच्या पोत्यांभोवती हशा पिकला आणि त्या दिवसापासून फेरीचं नाव गस्त पडलं. गस्त निघाली की भाजीवाल्या मुद्दाम वजनकाटा पदरानं पुसायच्या आणि सलाम ठोकायच्या.

तोंड गोड करण्याचं मात्र सुटेना. आपल्याला साखर आहे हे कासारणीनं सांगायचं म्हणजे गिऱ्हाइकांना बोटांचंही कळणार, या भीतीनं मालनबाईंनी आधी "आज उपास हाये" असं सांगून पाहिलं. तर एक बाई धावत जाऊन साबुदाण्याची खिचडी घेऊन आली, आणि वर दोन केळी. मग त्या चहाचा ग्लास हातात घेऊन गिऱ्हाईक वळलं की मागं भिंतीशी ओतू लागल्या. भिंतीपाशी मुंग्यांची रांग लागली. एका ठिकाणी मात्र त्यांनी बिनधास्त तोंड गोड केलं, कारण तिथं साखर नव्हती, अशी त्यांची खात्री होती.

उटनूरच्या बाजारात त्यांच्या शेजारी जंगुबाई बसत. गोंड समाजातल्या, सत्तरी ओलांडलेल्या, पत्रावळी आणि मोहाचे लाडू विकणाऱ्या. मोहाची वाळवलेली फुलं, तीळ, शेंगदाणे आणि बांधण्यापुरता गूळ. अशक्त मुलींना आणि बाळंतिणींना ते लाडू खरोखरच चांगले. दर बाजारी जंगुबाई मालनबाईंच्या हातावर दोन लाडू ठेवत आणि दोन पुड्यात बांधून देत. जंगलाचं फूल, त्यात कसली आलीय साखर, असं म्हणून मालनबाई ते औषधासारखे खात. चालून आल्यावर एक, जेवणानंतर एक, बाकीचे दुसऱ्या दिवशी.

सप्टेंबरमध्ये तपासणी झाली. सरासरी नऊ पूर्णांक आठ. तीन महिने बूट, भाकरी, गस्त, आणि फरक इतकासा. बोटं होती तशीच.

त्या दिवशी मालनबाई बसमध्ये खिडकीशी बसून गुडीहत्नूरपर्यंत बोटं एकमेकांवर घासत राहिल्या. घरी नात आली होती. तेजस्विनी, आदिलाबादला नर्सिंग शिकणारी. घरी साखर मोजायचं छोटं यंत्र तिनंच आणून दिलं होतं, आणि दुधाचे लिटर लिहायच्या कॅलेंडरवर रोजची साखर आणि रोजचं खाणं लिहायचं काम आजोबांना लावून दिलं होतं. दादाजींनी ते नेमानं केलं होतं. "भाकर २, वरण, गस्त ४, साखर १९०." तिनं ते कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं आणि लाल पेननं काही आकडे गोल केले.

"आजी, वाढलेली साखर सगळी उटनूरच्या दुसऱ्या अन् तिसऱ्या दिवशीची हाये. उटनूरले काय खातं तू?"

"काईच नाई. तुया आबाची भाकर."

"अन्?"

"अन् जंगुबाईचे लाडू. पन ते जंगलचे हायेत, त्यात साखर नसते."

तेजस्विनी आजीकडे बघत राहिली. "आजी, मोहाचं फूल कधी तोंडात टाकून पाह्यलं?"

मालनबाईंनी लहानपणी झाडाखाली बसून ओंजळीनं खाल्ली होती ती फुलं. इतकी गोड, की ओठ एकमेकांना चिकटायचे. त्यांनी नकळत ओठांवरून जीभ फिरवली. दादाजीच हसू दाबत म्हणाले, "म्या 'लाडू २' लिवलंच नाई. मले वाटलं औषिध हाये."

जंगुबाईंना नाही म्हणायची मालनबाईंना डॉक्टरीणबाईंपेक्षा जास्त धास्ती होती. पुढच्या उटनूरच्या बाजारी लाडू पुढं आले तेव्हा त्यांनी हात मागं घेतला आणि सगळं सांगितलं. साखरेचं, बोटांचं, सुनयनाच्या मनगटाचं, सगळंच.

जंगुबाईंनी लाडू टोपलीत परत ठेवले. "मंग आजवर काऊन नाई सांगितलं? तू वाळून चालली व. मले वाटलं, हिच्या घरी खायाले कमी हाये का काय. म्हनून देत होतो मी." मग त्यांनी आपल्या पाण्याच्या बाटलीशेजारची दुसरी बाटली उचलली. "हे घे. ज्वारीची आंबील. मीठ हाये, ताक हाये, दुसरं काई नाई. हे तर चालते ना?"

मालनबाईंनी ती आंबट, गार आंबील तिथंच प्यायली. इतके दिवस जी बाई आपल्याला उपाशी समजून खाऊ घालत होती, तिच्यापासून आपण लपवालपवी केली, याची त्यांना लाज वाटली. त्याच दिवशी त्यांनी लपवणं सोडलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला सांगून टाकलं, "मले साखर हाये व माय. बोटं बी जरा मंद हायेत, म्हनून हळू भरीन. चहा नको, तू नुसती हासून जा." त्यांना वाटलं होतं, बायका उठून जातील. दोघी गेल्याही. बाकीच्या बसल्या, आणि बसल्या बसल्या आपापल्या घरातल्या साखरेच्या गोष्टी सांगू लागल्या. कुणाची सासू, कुणाचा नवरा, एकीची तर स्वतःचीच.

पुढं बाजारोबाजारी मालनबाईंसाठी वेगळ्याच वस्तू यायला लागल्या. फुटाण्यांची पुडी, मुळ्याची जुडी, थंडी पडल्यावर मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. गस्तीला सोबत मिळाली. गुडघे धरलेली एक भाजीवाली दुपारच्या फेरीत त्यांच्याबरोबर चालू लागली. डिसेंबरमध्ये सरासरी सात पूर्णांक तीन आली. डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरून उठून मालनबाईंचा हात हातात घेतला.

तो हात हातात घेतल्याचं मालनबाईंना दिसलं. बोटांच्या टोकांना अजून काही कळत नव्हतं.

जानेवारीत केसलापूरची नागोबाची जत्रा आली. जत्रेत मालनबाई आठ दिवस मुक्काम करत. त्यांनी मनाशी ठरवलं, जत्रा संपेपर्यंत वाट पाहायची आणि मग विठाबाईंकडे जाऊन सांगायचं, दुसरी पाहा. यात आता त्यांना कुणाचा राग नव्हता. सात महिने इतक्या लोकांनी आपल्यासाठी हातभार लावला, बोटं नाही तर नाही. साखर उतरली, पाय हलके झाले, हे काय कमी आहे, असं त्या स्वतःला सांगत. सांगत आणि दोऱ्यात ओवलेल्या बांगड्यांच्या तोड्यावरून बोटं फिरवून बघत.

मुक्काम नागसेनच्या पालात होता. त्याची बायको चंदा स्वयंपाकाला होती. दादाजींनी ज्वारीचं पीठ मापून आठ पुड्या बांधून दिल्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर वार लिहिला होता. समोरच जिलबीची कढई. पहाटे पाचपासून तिचा वास पालात शिरायचा. मालनबाई तो वास नाकात घेऊनच बूट चढवायच्या आणि शेताच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं चालायला निघायच्या. हरभऱ्यावर दव असायचं, लांबून ढोल ऐकू यायचे.

जत्रेच्या चौथ्या दिवशी, मंगळवारी, त्या चालून आल्या आणि साखर मोजायला बसल्या. मोजायला त्या कायम उजव्या हाताचं पहिलं बोट घ्यायच्या. ते झोपलेलंच, दुखण्याचा प्रश्न नाही. त्यांनी सुई लावली आणि खटका दाबला.

"आई गं!"

नागसेन बाहेरून धावत आला. "काय चावलं मावशी? इच्चू का?"

"सुई!"

"सुई? मंग रडून काऊन राह्यल्या?"

"दुखलं रे बाप्पा. दुखलं!"

नागसेन गोंधळून बघत राहिला. चंदाला मात्र कळलं. तिनं हातातलं पीठ तसंच टाकलं. "थांबा मावशी, थांबा, जिलबी आणतो!" म्हणत ती दारापर्यंत गेली, तिथंच थबकली आणि कपाळावर हात मारून घेतला. मग तिघंही इतकी हसली की जिलबीवाला झारा हातात घेऊन डोकावून गेला. यंत्रावर एकशे अठरा आकडा होता. तो बघायचं सगळ्यांच्या उशिरा लक्षात आलं.

दिवसभर मालनबाईंनी बोटांची परीक्षा घेतली. पहिलं बोट आणि अंगठा यांना काचेची कड कळत होती, जाड कापडातून कळावी तशी. मधलं बोट अजून झोपलेलंच होतं. जत्रा उठल्यावर त्या विठाबाईंच्या गावी गेल्या आणि जसं होतं तसं सांगितलं. दोन बोटं आली, एक नाही.

"दोघांत भागंल का?" विठाबाईंनी विचारलं.

"हळू भरीन. पन भागंल, असं वाटते."

"मंग या."

लग्न वीस फेब्रुवारीचं. आदल्या दिवशी सकाळी चुडा. अंगणात मांडव पडला होता, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मालनबाई एक फाटा आधी उतरून चालत आल्या होत्या. त्यांनी पेटी उघडली, हिरव्या बांगड्यांचे तोडे मांडले, सुनयनाला समोर बसवलं. तेवढ्यात विठाबाईंच्या सासूबाई काठी टेकत आल्या आणि नातीच्या आणि मालनबाईंच्या मध्ये बसल्या. बाजारात दुसरी कासारीण पाहा म्हणणाऱ्या त्याच. त्यांनी आपला हात पुढं केला.

"पहिले माया हातात भर."

भिंतीला टेकलेल्या बायका पुढं सरकल्या. तो हात ऐंशी वर्षांचा, निंदणीनं सांधे वाकडे झालेला. अशा हातात बांगडी भरायला कुठलीही कासारीण नको म्हणाली असती. मालनबाईंनी तो हात आपल्या गुडघ्यावर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी आपलं पहिलं बोट ठेवलं आणि डोळे मिटले. दोन-सहा. बांगडी अंगठ्यापाशी आली आणि अडली. त्यांनी दाबली नाही. हाड कुठं आहे ते बोटाला लांबून, पण कळत होतं. "आजी," त्या म्हणाल्या, "तुमच्या लगनात कोन कासारीण होती व?"

"कासारीण कुठली! कासार होता, म्हातारा. माया हात धरला अन् मी लाजून..." म्हातारीला हसू आलं. हात सैल पडला आणि बांगडी मनगटावर जाऊन बसली. दुसरी बसली. तिसरी बसली. चौथ्या बांगडीला म्हातारीनं हात काढून घेतला, नातीला पुढं ओढलं आणि म्हणाली, "आता भर हिच्या हातात."

सुनयनाच्या उजव्या हातात दहा, डाव्या हातात अकरा. मालनबाईंना पाऊण तास लागला. एरवी वीस मिनिटं लागली असती. कुणी घाई केली नाही. शेवटची बांगडी चढली तेव्हा मालनबाईंच्या कपाळावर घाम होता आणि सुनयना वाकून त्यांच्या पायांशी, म्हणजे पांढऱ्या बुटांशी, डोकं टेकवत होती.

मग विठाबाई ताटली घेऊन आल्या. चुडा भरणारीचं तोंड गोड केल्याशिवाय उठता येत नाही, आणि आज नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. ताटलीत ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा होता. नुसता.

"तेजस्विनीले फोन करून इचारलं म्या," विठाबाई म्हणाल्या. "हे चालते म्हने. अन् ओटीतलंच हाये, म्हंजे शुभ बी हाये. चावून खा."

मालनबाईंनी तो तुकडा सावकाश चावला. किती तरी महिन्यांत त्यांना कुठलाच पदार्थ इतका गोड लागला नव्हता. त्यांना काही तरी बोलायचं होतं. आजवर हात देणाऱ्या सगळ्यांची नावं एकापाठोपाठ मनात येत राहिली, पण मांडवात इतक्या बायकांसमोर त्यांना ते जमेना. म्हणून त्या गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, पदर खोचला आणि मांडवाभोवती चालू लागल्या. दीड तास एका जागी बसून झाला होता, फेरीची वेळ झालीच होती. सुनयना हिरवे हात सांभाळत त्यांच्या मागं निघाली, तिच्या मागं तिच्या मैत्रिणी, आणि अर्ध्या फेरीत काठी टेकत म्हातारीसुद्धा.

संध्याकाळी गुडीहत्नूरला दादाजींनी कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि चष्मा लावून पेन उघडलं.

"सांग. काय खाल्लं?"

"भाकर दोन. वरण. खोबऱ्याचा तुकडा एक."

"गस्त?"

"तीन. एक मांडवाभोवती."

दादाजींनी लिहिलं. मग चौकोनात थोडी जागा उरली होती, ती बघत त्यांनी विचारलं, "अन् बांगड्या?"

"एकवीस. अन् म्हातारीच्या तीन."

"वाढल्या किती?"

मालनबाई बुटाची पट्टी सोडत होत्या. पट्टी ओढताना तिची खरखर उजव्या हाताच्या बोटाला लागली, म्हणून त्या जरा थांबल्या. "एक बी नाई," त्या म्हणाल्या.

दादाजींनी तेही लिहिलं. अक्षर बारीक करावं लागलं, पण बसलं.